विकतची आठ अंडी

पप्पांना एका जागी बसता येत नाही आणि मला कुणाची घालमेल बघवत नाही, त्यामुळे त्या हिवाळ्यात आखातातल्या, अल मनखूलच्या आमच्या फ्लॅटमध्ये शांतता अशी कधी नव्हतीच. मम्मी जूनमध्ये गेली. ऑक्टोबरात मी पप्पांना वसईहून उचलून आणलं. उचलून हाच शब्द बरोबर आहे, कारण विचारलं मी फारसं नव्हतंच. शेजारणीने फोनवर सांगितलं होतं की ते दोन-दोन दिवस चहा आणि खारीवर काढतात, आणि एकदा चक्कर आली म्हणून विहिरीच्या काठावर तासभर बसून होते. मी एकुलती एक. विहीर हा शब्द ऐकला तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला होता.

इथे आल्यावर ते दारापासून बाल्कनीपर्यंत फेऱ्या मारायचे. खाली जाऊन ग्रोसरीवाल्याशी भेंडीच्या भावावरून हुज्जत घालायचे. "चार दिरहम? म्हणजे नव्वद रुपये! पाव किलोला?" मग परत वर. नवरा सोमवार ते शुक्रवार दीड तासावरच्या मुसफ्फाला कंपनीच्या खोलीत राहतो, मुलगी शाळेत, मी मरीनातल्या ऑफिसात. दिवसभर घरात ते आणि एसीचा आवाज. फ्रिजवर मॅग्नेटखाली त्यांच्या रेसिडेन्स व्हिसाचे कागद लावलेले होते. त्यावर एक सही झाली की ते कायमचे माझ्याजवळ राहणार होते. मी विषय काढला की ते म्हणायचे, "बघू." त्यांच्या 'बघू'चा अर्थ मला लहानपणापासून कळायला हवा होता.

म्हणून मी नोव्हेंबरात शहराबाहेरच्या एका शेतावर वाफा भाड्याने घेतला. इथे थंडीतच काय ते पिकतं. एप्रिलनंतर पालासुद्धा करपतो. सहा महिन्यांसाठी लोक असे तुकडे घेतात, शनिवारी मुलांना टोमॅटो तोडायला नेतात, फोटो काढतात आणि घरी जातात. पप्पांनी पहिल्याच दिवशी माती हातात घेऊन नाक मुरडलं, "ही माती आहे की वाळू?" पण पुढच्या आठवड्यात वाल लावले. त्याच्या पुढच्या आठवड्यात म्हणाले, कोंबड्या हव्यात. मी लगेच यल्ला, चला, म्हणून गाडी काढली. सहा कोंबड्या आणि एक कोंबडा आणला, शेतमालकाला विचारून खुराडं ठोकलं. शेताची राखण करणारे पेशावरकडचे एक चाचा होते, साठीच्या पुढचे. मधल्या वारी दाणापाणी त्यांनी बघायचं ठरलं. शनिवार-रविवार आम्ही जायचो.

कोंबड्या काही अंडी देईनात. डिसेंबर सरत आला तरी खुराडं रिकामं. नवी जागा, वर पिसं झडायचे दिवस, एवढंच कारण असावं. पण पप्पा दर शनिवारी आत वाकून बघायचे आणि म्हणायचे, "ह्यांना इथलं मानवत नाही, बाय. जिवाला बरं वाटत नसलं की जनावर देणं बंद करतं." हे ते कोंबड्यांबद्दल बोलत नव्हते, हे मला कळत होतं आणि सहन होत नव्हतं. मी थांबणारी बाई नाही. फोन दोनदा वाजून उचलला नाही तर मी तिसऱ्यांदा करते, भात शिजताना चारदा झाकण उघडते. नाताळ झाल्यावर मी सुपरमार्केटातून तपकिरी अंडी आणली, त्यांच्यावर छापलेली लाल तारीख व्हिनेगरने पुसली, आणि शनिवारी पप्पा वालाच्या शेंगा बघत असताना त्यातली दोन खुराड्यात ठेवली. थोडा काडीकचराही चिकटवला. कलाकुसर म्हणून मला त्याचा अभिमान वाटला होता.

पप्पांनी अंडी उचलली. उजेडात धरली. नाकाजवळ नेली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "वा. लागल्या की."

मग मला थांबता येईना. दर शनिवारी दोन, कधी रविवारीही दोन. ते खायचे नाहीत, टोपलीत जपून ठेवायचे. जानेवारीत आमच्या सहांतली लाल कोंबडी खरोखरच अंडी द्यायला लागली. लहानशी, फिकट, चार अंडी चाचांनी हातावर ठेवली. पप्पांनी ती माझ्या मुलीच्या ऑम्लेटला देऊन टाकली. आणि पुढच्या आठवड्यात लाल कोंबडी खुडूक झाली, उबवायला बसली. जागेवरून उठेना, हात घातला की अंग फुगवून टोचायला धावायची. पप्पांनी टोपलीतली माझी आठ अंडी तिच्याखाली सरकवली.

माझी मुलगी टाळ्या पिटायला लागली. "ग्रँडपा, विल वी गेट बेबीज?"

"एकवीस दिवस," पप्पा म्हणाले. मग माझ्याकडे वळून, अगदी सहज, "पिल्लं निघाली तर तुझ्या त्या कागदावर सही करतो. नाही निघाली तर मला घरी जाऊ दे. बोल, कबूल?"

मी कबूल म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? गाडीत बसल्यावर मात्र भान आलं. फ्रिजमधून निघालेली, व्हिनेगरने धुतलेली अंडी. एकवीस दिवस काय, एकवीस वर्षं बसली असती ती कोंबडी तरी त्यातून काही निघणार नव्हतं. खरी चार तर माझ्याच तव्यावर गेली होती. स्वतःच्या हाताने स्वतःचं वाटोळं करणं म्हणजे काय ते मी त्या रात्री समजून घेतलं. नवऱ्याला फोन केला तर तो आधी पोट धरून हसला. मग म्हणाला, "सांगून टाक ना पप्पांना. खलास." सांगायचं कसं? दर शनिवारी तुम्हाला फसवत होते म्हणून?

बुधवारी दाताचं कारण सांगून मी ऑफिसातून निघाले. चाचांच्या स्वतःच्या कोंबड्या शेताच्या पलीकडच्या टोकाला होत्या. त्यांच्याकडून ताजी आठ अंडी मागितली.

"बहनजी, इतने दूर अंडे लेने आए?" त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. ऑफिसच्या कपड्यांत, खुराड्यापाशी उकिडवी बसून, एका जेमतेम ओळखीच्या माणसाला. ते हसले नाहीत. त्यांनी कोंबडीला अलगद उचलून धरलं आणि मी अंडी बदलली. तिने माझ्या मनगटावर दोनदा चोच मारली. दोन्ही वेळा मला ते योग्यच वाटलं. "इन्शाल्ला," चाचा म्हणाले आणि जुनी अंडी घेऊन गेले.

आता पप्पांच्या मोजणीत आणि खऱ्या मोजणीत चार दिवसांचा फरक होता. शिवाय नवी अंडी आकाराने लहान होती. आठव्या दिवशी अंडी बत्तीसमोर धरून बघायची असतात, वसईच्या वाडीत पप्पा ते कधी चुकवायचे नाहीत. मला लहानपणी शेजारी बसवून आतल्या, जीव धरल्याच्या लाल रेघा दाखवायचे. आठव्या दिवशी मी धास्तावून त्यांच्या मागे उभी होते. ते म्हणाले, "राहू दे. कशाला तिला त्रास." पंधराव्या दिवशीही तेच. मी मनातल्या मनात मदर मेरीचे आभार मानले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण माझ्या डोक्यात तेव्हा तेवढाही उजेड पडला नाही.

एकवीस दिवस शनिवारी भरले. पप्पांनी खुराड्यात डोकावून पाहिलं, उभे राहिले, पँटची धूळ झटकली. "नाही निघाली, बाय." त्यांच्या आवाजात काही वेगळं होतं. मला ती निराशा वाटली.

"चार दिवस थांबा," मी म्हटलं. "बुधवारपर्यंत."

त्यांनी वळून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

बुधवारी सकाळी मी ऑफिसला निघतच होते, तेवढ्यात चाचांचा फोन आला. पाच निघाली. मी ऑफिसला आजारी असल्याचा मेसेज टाकला, फ्रिजवरचे कागद ओढून पर्समध्ये कोंबले, पप्पांना गाडीत घातलं. रस्ताभर मीच बोलत होते. ते खिडकीबाहेर बघत होते.

खुराड्यापाशी ते उलट्या बादलीवर बसले. चाचांनी एक पिल्लू त्यांच्या ओंजळीत दिलं आणि मागे सरकले. मी पप्पांचा चेहरा बघायला पुढे झाले. महिनाभर मी ह्याच क्षणासाठी धावत होते. तो चेहरा आनंदाचा नव्हता. पकडल्या गेलेल्या माणसाचा होता.

"अंडी बदललीस तू," ते म्हणाले.

"हो."

"शनिवारी चार दिवस म्हणालीस, तेव्हाच मला कळलं."

"आणि आधीची? ती विकतची होती हे…"

"दुकानातलं अंडं मला कळणार नाही होय? पन्नास वर्षं कोंबड्या पाळल्या. त्याला कांद्याच्या लोणच्याचा वास येत होता." ते जरासे हसले. "कोंबडा झाकला म्हणून उजाडायचं राहतं का?"

मला भयंकर राग आला. "मग बसवलीत कशाला? खरी चार होती की तेव्हा. ती ऑम्लेटला का दिलीत?"

ते पिल्लाच्या पाठीवरून अंगठा फिरवत राहिले. "तुला नाही म्हणता येत नाही मला," ते म्हणाले. "तुझ्या मम्मीलाही कधी म्हणता आलं नाही मला. तू इतकं करतेस. म्हटलं, हे काम कोंबडी करील."

म्हणजे एकवीस दिवस मी पिल्लं निघावीत म्हणून तडफडत होते आणि पप्पा ती निघू नयेत म्हणून. बत्तीसमोर अंडी धरली नाहीत ती म्हणूनच. मी प्रार्थना करत होते, आणि माझा बाप शेजारी उभा राहून उलटी प्रार्थना करत होता. मला राग आला होता तो कुठे गेला कळलं नाही. लाज तेवढी राहिली.

"आता शब्द दिलाय," ते म्हणाले. डावा हात पुढे केला. उजव्यात पिल्लू होतं. "कागद आणलेसच असशील. पेन दे."

कागद पर्समधून अर्धे बाहेर आलेले त्यांना दिसत होते. पर्समध्ये दोन पेनं होती, एक निळं, एक काळं. मी आत हात घातला. दोन्ही पेनं बोटांना लागली.

"पेन घरी राहिलं," मी म्हटलं.

पप्पांना माझं खोटं कळायला वेळ लागत नाही. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, जो अजून पर्समध्येच होता. आपला पुढे केलेला हात मागे घेतला. "बरं," म्हणाले, आणि पिल्लू कोंबडीच्या पंखाखाली सोडलं.

परत येताना पहिल्याच सिग्नलला मी विचारलं, तिकीट कधीचं बघू. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ते म्हणाले, "येत्या रविवारचं." आणि मग, मला वाईट वाटू नये म्हणून, "किंवा सोमवारचं."