बहिणीच्या मैत्रिणी

माझी धाकटी बहीण आजारी पडली तेव्हा तिची सगळी उस्तवार मी केली आणि तिला मात्र तिच्या दोन मैत्रिणींनी वाटून घेतलं. इतक्या वर्षांनी सांगतानाही माझा जळफळाट होतो. होतो तर होऊ दे.

सोनपेठला आमचं घर. तिच्या हृदयाची झडप खराब झाली होती. परभणीच्या डॉक्टरांनी वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं, आता मुंबईला नेऊनही उपयोग नाही. घरात कुणी तिच्यापुढं ते बोललं नाही, पण तिला कळलं होतंच. तेव्हा नामांतरावरून मराठवाडा पेटला होता, कॉलेजं बंद होती, आणि बाहेरगावी शिकणाऱ्या त्या दोघी गावात येऊन बसल्या होत्या. दुपार झाली की हजर.

त्यातल्या एकीची आई त्याच उन्हाळ्यात गेली होती. चिकटवून कार्डं करायचं खूळ तिचंच. जुन्या लग्नपत्रिका, कॅलेंडरं, शिंप्याकडच्या चिंध्या, गोळ्यांच्या पाकिटातली चांदी, मिळेल ते कापायचं आणि टॉनिकच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर बाभळीच्या डिंकानं चिकटवायचं. अक्षर एक लिहायचं नाही. बोलता येत नाही ते चिकटवायचं, असं तिचं म्हणणं. तिनं आईच्या लुगड्याचा काठ लावला आणि त्याखाली जाहिरातीतली पेटलेली चूल. माझ्या बहिणीनं चांदीची नदी केली आणि नदीच्या मधोमध एक एसटी उभी केली.

"पाण्यात एसटी का गं?" मी विचारलं. तिघींनी एकमेकींकडं बघितलं आणि पुढची पत्रिका कापायला घेतली.

माझ्या वाट्याला काय, तर "अक्का, डिंक भिजवून दे की," नाहीतर "अक्का, कात्रीला धार न्हाई." शिवाय पत्रिकेवरचा गणपती कापून केरात टाकता येत नाही, म्हणून ते सगळे गणपती एका डब्यात साठायचे. डबा भरला की "अक्का, गंगेत सोडून येतीस का?" आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात. मी एसटीचे धक्के खात जायची, कागदी गणपती पाण्यात सोडायची आणि हात जोडून म्हणायची, देवा, या दोघींचं कॉलेज तेवढं सुरू कर. बहिणीसाठी मागायला माय होतीच.

श्वास कोंडला की तिला टेकवून बसवणारी मी. पाय सुजले की चेपणारी मी, थुंकीचं भांडं धुणारी मी. "कसं वाटायलंय?" विचारलं की ठरलेलं उत्तर, "बरं हाय." त्या दोघी आल्या की मात्र भिंतीपलीकडून तासन् तास कुजबूज. मी चहा घेऊन उंबऱ्याशी पोचायची तेव्हा तिघी हसत असायच्या. घर माझं, चहा माझ्या हातचा, आणि कशाला हसतात ते मलाच ठाऊक नाही.

एकदा मीही हट्टानं बसले. गुलाब कापला, भोवती टिकल्या लावल्या. बहीण म्हणाली, "छान हाय गं," पाहुण्यांकडच्या चहाला म्हणतात तसं. आई गेलेली ती मैत्रीण म्हणाली, "अक्का, तुमचं कुणी गेलं न्हाई अजून." तिनं टोमणा मारला नव्हता, साधंच बोलली. आणि खरं होतं. माझं कुणी मेलं नव्हतं, मला काही झालं नव्हतं. त्या बैठकीत बसायला माझ्याकडं काहीच नव्हतं. दुसरीच्या मेलेल्या आईचासुद्धा हेवा वाटू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

थंडीत बहीण गेली. तेराव्यानंतर त्या दोघी आल्या, पुठ्ठे आणि डिंक घेऊन. त्याच खोलीत बसल्या आणि म्हणाल्या, "अक्का, या." आता मला बसायला कारण होतं. मी कात्री हातात घेतली, पण काय कापावं सुचेना.

मग ती आई गेलेली हळूच म्हणाली, "लय भ्यायची ओ ती. रोज रडायची. मरताना दुखतं का, म्हणून मला इचारायची. तुमची चाहूल लागली की डोळे पुसायची आन् आमाला हसायला लावायची. अक्काला कळू देऊ नका म्हणायची."

लोक म्हणतात, माया होती म्हणून तुझ्यापासून लपवलं. असेल. पण मला ते रडणं पाहिजे होतं. तिचे सुजलेले पाय माझ्या मांडीवर होते, आणि भीती तिनं दुसऱ्यांच्या पदरात टाकली.

"आणखी काय म्हणायची?" मी विचारलं. त्या सांगत गेल्या, आणि माझ्या पाठच्या बहिणीची ओळख मी दोन परक्या पोरींकडून करून घेत बसले.