घाटावरचा उडवणारा

पाण्याच्या जोरावर माणसाला हवेत उडवणारं महागडं मशीन तो शिप्रा नदीच्या घाटावर चालवायचा. पट्टा बांधण्याआधी प्रत्येकाला पायऱ्या चढून उतरायला लावायचा आणि स्वतः फक्त त्याच्या धपापणाऱ्या छातीकडे बघायचा.

माझा मुलगा पंचावन्नचा, हृदयाचं ऑपरेशन झालेला. ते लपवून उडायला निघाला; माझं ऐकेना. पायऱ्यांवरून धापा टाकत परतला.

मशीनवाल्याने पट्टा खाली ठेवला. "साहब, मशीन बिगड गई." मग मला हळूच म्हणाला, "माताजी, जल्दी ले जाओ. अगला उड़ने को खड़ा है."

त्याच्या जागी मी असते तर मुलाला चारचौघांत म्हातारा म्हटलं असतं. जिवावरचं टळलं म्हणून पहिल्यांदाच सुटल्यासारखं वाटलं.

रिक्षात बसतो तोच मागे फवारा उसळला.

"चालू झालं वाटतं?" मुलाने विचारलं.

"दुरुस्त करून बघत असेल," मी म्हणाले. "चलो भैया, नानाखेडा बस स्टँड."