औरंगपुऱ्यातली ओहोटी

कलादालनाच्या शटरला हात लावण्याआधी पेंटरसाब शेजारच्या शालींच्या दुकानात शिरत, तिथल्या कॅलेंडरात तिथी बघत आणि ओठांतल्या ओठांत काही हिशेब करत. मग कधी शटर उघडत, कधी पायरीवर बसून म्हणत, "अजून पाणी आहे."

तुम्ही आमच्या शहराचा नकाशा पाहिलाच असेल. जवळचं मोठं पाणी पैठणला, तेही धरणाचं. त्याला भरती-ओहोटी नसते, कालव्यात पाणी सोडायचं आवर्तन असतं. तरीही यांचं कलादालन पौर्णिमेला दुपार उलटल्यावर उघडायचं आणि षष्ठीला सकाळी उघडून जेवणाच्या वेळी बंद व्हायचं. त्यामुळे आज गाठ पडली म्हणून चार दिवसांनी त्याच वेळी जावं, तर कुलूप.

"क्यूं पेंटरसाब, पानी उतरा क्या?" शालवाले रोज विचारायचे.

"थोडं राहिलंय, भाईजान."

एकदा करमाडचे एक गृहस्थ वडिलांचा फोटो फ्रेम करायला घेऊन आले होते. बराच वेळ उन्हात थांबून ते वैतागले. "हितं समुद्र कुठंय हो? नाय, मला कळू तर द्या!"

"आहे," हे म्हणाले. "जरा लांब आहे."

मी तेव्हा एका दैनिकात चित्रप्रदर्शनांवर लिहायचो. कलावंतांच्या लहरी बऱ्याच पाहिल्या होत्या. त्यातल्या निम्म्या फोटोग्राफर आल्यावरच सुरू होतात. ही त्यातलीच एक, असं समजून मी त्यांना दालनाचा इतिहास विचारला.

"इतिहास कसला? वाट बुडायची."

त्यांच्या वडिलांचं दालन कोकणात, एका खाडीपलीकडे होतं. भरतीला वाट पाण्याखाली जायची आणि गिऱ्हाईक अलीकडेच अडकायचं. म्हणून पाणी उतरलं की वडील दार उघडायचे, चढायला लागलं की लावून घ्यायचे. वडील गेल्यावर दोघा भावांत वाटणी झाली. थोरला तिथंच राहिला. हे आपल्या वाट्याची चित्रं घेऊन बायकोच्या गावी, म्हणजे इथं आले. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही.

"भांडण कशावरून झालं?"

"आता आठवत नाही. दादालाही आठवत नसणार. पण तो थोरला, तो कबूल कसा करेल?" मग म्हणाले, "चित्रं निम्मी निम्मी झाली. वेळ कशी वाटणार? तिकडे दादा दार उघडतो तेव्हा मी इकडे उघडतो. तेवढा वेळ दालन एकच असतं."

"दादा अजून वेळ पाळतात?"

ते आधीच स्वच्छ असलेली एक काच पुसू लागले. "विचारलं नाही कधी."

पुढे त्यांच्या मुलीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "काका, तिथं खाडीवर पूल झालाय. वाट आता बुडत नाही." एवढी बातमी हाती लागल्यावर मी कसला गप्प बसतो?

"माहीत आहे मला," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय? पुलाखाली पाणी येतंच की."

आवाज ठाम होता. पण त्या दिवशी शालींच्या दुकानात त्यांनी तिथी दोनदा पाहिली.

माझा गोंधळ तेव्हापासूनचा. पूल झाल्यावर दादा सरळ घड्याळ बघून दार उघडत असतील, तर हा माणूस इकडे कुणासाठी थांबत होता? याला हट्ट म्हणावं की वेड, हे मला ठरवता येईना. तिसरा शब्द सुचत होता, पण तो वर्तमानपत्रात शोभला नसता.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. दिवसकार्य उरकल्यावर थोरले भाऊ कोकणातून आले. तेच नाक, तीच पोक काढून चालण्याची ढब. दालन तेव्हापासून बंदच होतं. मुलीनं किल्ली त्यांच्या हातात दिली. "तात्या, तुम्हीच उघडा."

पौर्णिमा होती, भर दुपारचे बारा वाजले होते. त्यांनी किल्ली घेतली आणि इकडेतिकडे पाहिलं. शेजारच्या दुकानातलं कॅलेंडर दिसताच तिकडे गेले. त्यांचे ओठ हलले. परत येऊन ते पायरीवर बसले, नेमके भाऊ बसायचा तिथंच.

"थांब गो बाय," ते म्हणाले. "अजून पाणी आहे."

मुलगी तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली. शालवाल्यांनी काही न विचारता दुकानातली स्टुलं बाहेर आणून मांडली. आम्ही सगळे बसलो. समोरून रिक्षा जात होत्या, कुणी फुगेवाला चालला होता.

थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, की मी पाय जरा वर घेतले आहेत.