हातांनी सांगितलेल्या बातम्या

नव्वदच्या दशकातली पहिली वर्षं. मुलगी साडेतीन वर्षांची होती. साताऱ्याच्या डॉक्टरांनी तिचे कान तपासले आणि सांगितलं, हिला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही, पुढंही येणार नाही. परतीच्या एसटीत ती माझ्या मांडीवर गाढ झोपली होती. मला रडू आलं नाही. हिच्याशी आता बोलायचं कसं, एवढंच डोक्यात फिरत होतं.

आमचं गाव वडूजपासून दोन कोसांवर. नवरा लष्करात, त्या वेळी राजस्थानात. घरात सासरे, धाकटा दीर, मी आणि ही. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. साताऱ्याच्या मूकबधिर शाळेत चौकशी केली, तर तिथल्या बाई म्हणाल्या, सहा वर्षांची झाली की आणा. तोवर समोर बसवून ओठांकडं बघायला शिकवा, हातवारे मात्र अजिबात करू नका. हातांची सवय लागली की मुलं बोलायची खटपट सोडतात.

मी वर्षभर त्यांचं ऐकलं. रोज सकाळी तिला समोर घेऊन 'पाणी, पाणी' म्हणायचे. ती माझ्या ओठांवर बोटं ठेवायची, माझ्या तोंडात डोकावून बघायची आणि शेवटी वैतागून भिंतीवर डोकं आपटायची.

एका रविवारी दुपारी दिरानं टीव्ही लावला होता. बधिरांसाठीच्या बातम्या लागल्या. एक साडीतल्या बाई हिंदीत बातम्या सांगत होत्या आणि सोबत हातांनीही बोलत होत्या. पोरगी जेवत होती. हातातला घास तसाच धरून ती उठली आणि टीव्हीपुढं जाऊन उभी राहिली. बातम्या संपल्या तशी ती काचेवर थापा मारायला लागली. त्या बाईंना परत बोलावत होती.

मी नवऱ्याला पत्र लिहिलं. 'टीव्हीवर एक बाई हातांनी बोलतात. आठवड्यातनं एकदाच येतात आणि भरभर बोलून जातात. त्यांना धरून ठेवायला टेप करणारं मशीन पाहिजे.' दिवाळीच्या सुट्टीला तो आला तो लष्कराच्या कॅन्टीनमधनं घेतलेला व्हीसीआर बरोबर घेऊनच.

दीर खूश झाला, "वैनी, आता रोज पिक्चर!" सासरे मात्र नाराज होते.

"पोरीला खूळ लावतीयास तू," ते म्हणाले. "शाळंतल्या बाईनं न्हाई म्हणून सांगितलंय नव्हं?"

"आवं आबा, वर्षभर ऐकलं की त्यांचं. पोर भिंतीवर डोकं आपटती. आता मी न्हाई ऐकणार."

 बातम्यांच्या वेळी ते दारात येऊन उभे राहायचे, आत बसायचे नाहीत.

दुपारी भाकरी-कालवण उरकलं की मी कॅसेट लावायचे. त्या बाईंचा हात वर गेला की पॉजचं बटण दाबायचं. चित्र थरथरायचं, नेमक्या बोटांवरनंच पांढऱ्या रेघा जायच्या. चार-पाच मिनिटं झाली की मशीन आपोआप बंद व्हायचं, मग पुन्हा मागं न्यायचं. दोनशे पानी वहीत मी हातांची चित्रं काढायचे आणि बाजूला हिंदी शब्द लिहायचे. माझं हिंदी यथातथाच. अडलेले शब्द पत्रातनं राजस्थानला पाठवायचे. पंधरा दिवसांनी नवऱ्याचं उत्तर यायचं : बाढ़ म्हणजे पूर, सूखा म्हणजे दुष्काळ, चुनाव म्हणजे निवडणूक.

त्यामुळं झालं असं, की माझ्या पोरीला पहिल्यांदा आले ते शब्द म्हणजे प्रधानमंत्री, बैठक, पूर, पाऊस, शेतकरी. दूध आणि भूक बातम्यांत कधी आलेच नाहीत. त्यांच्या खुणा आम्ही दोघींनी घरीच बनवल्या.

उन्हाळ्यात नवीनच अडचण आली. रविवारी नेमकी दुपारी वीज जायला लागली. वडूजला माझ्या भावाच्या घरी वीज असायची आणि टीव्हीही होता. मी व्हीसीआर गोधडीत गुंडाळला आणि एका हातात पोरीचा हात धरून एसटीत चढले.

"काय हाय त्यात?" कंडक्टरनं विचारलं.

"मशीन."

"कसलं?"

"हिला बोलायला शिकवायचं."

त्यानं पोरीकडं बघितलं, मग गोधडीकडं. "मांडीवर घेऊन बसा," तो म्हणाला. "वर ठिवू नका. खड्डं लय हाईत." पुढच्या रविवारी त्यानंच आमच्यासाठी पुढची जागा धरून ठेवली होती.

मग एकदा दिरानं घोळ केला. क्रिकेटची मॅच टेप करायला त्यानं हाताला आली ती कॅसेट घातली आणि सहा आठवड्यांच्या बातम्या पुसल्या गेल्या.  मी चुलीपुढं बसले आणि डॉक्टरांकडनं आल्यापासून जे रडू आलं नव्हतं ते सगळं तिथं आलं. दीर दारात घुटमळत होता. जरा वेळानं तो उरलेल्या कॅसेटी घेऊन बसला आणि एकेकीच्या कडेची प्लॅस्टिकची पट्टी चाकूनं तोडून टाकली. ती पट्टी तुटली की त्या कॅसेटवर दुसरं काही टेप होत नाही.

"वैनी, आता कुणाच्या बापाला बी पुसता यायचं न्हाई," तो म्हणाला. त्यानंतर वडूजला मशीन नेणं-आणणं त्यानं स्वतःकडं घेतलं.

पोरगी पाच वर्षांची झाली त्या वर्षीची गोष्ट. विहिरीवरची मोटर चालू होती आणि काढलेला कांदा बांधालगत पसरला होता. मी गोठ्यात होते, सासरे ओट्यावर बसले होते. पोरगी रानातनं पळत आली ती थेट त्यांच्यापुढं. दोन्ही तळवे जमिनीकडं धरून ती ते वर वर नेत होती, आणि मग रानाकडं बोट दाखवत होती. पुन्हा तेच. मी बाहेर येईस्तोवर सासरे फावडं घेऊन पळत सुटलेसुद्धा.

पाट फुटून पाणी कांद्याकडं निघालं होतं. सासऱ्यांनी वेळेत पाट बांधला, कांदा वाचला. गुडघ्यापर्यंत चिखलानं भरून ते परत आले, ओट्यावर टेकले आणि एकदम हसायलाच लागले.

"आगं, पूर आलाय म्हणली ती! आपल्या ह्या सुक्या रानात पूर! आणि मला कळलं की!" हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. मग पोरीला जवळ ओढून मला म्हणाले, "बस म्हणायचं कसं करत्यात? आणि जेवलीस का? दाव मला. रोज दाव."

त्या रविवारी ते आत येऊन टीव्हीपुढं बसले.

सहा वर्षं पुरी झाल्यावर मी तिला साताऱ्याच्या शाळेत नेलं. बाईंनी तिला जरा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "हिला हातांची सवय लागलीय."

"लागलीय बाई, मीच लावलीय. आता ती भिंतीवर डोकं आपटत नाही. ओठांचं तुम्ही शिकवा, ते मला जमत नाही. पण घरी आम्ही हातांनी बोलणार." मी वही त्यांच्या पुढं ठेवली.

त्यांनी बरीच पानं उलटली. एका चित्रापाशी थांबून विचारलं, "हे तुम्ही काढलंत?" मी हो म्हटलं. वही मिटून त्यांनी प्रवेशाचा फॉर्म काढला. मला बरोबर म्हणाल्या नाहीत आणि चूकही म्हणाल्या नाहीत.

ती शाळेच्या वसतिगृहात राहायला लागली. पहिल्यांदा भेटायला गेले तेव्हा संध्याकाळी वसतिगृहाच्या पायऱ्यांवर पंधरा-वीस मुली बसल्या होत्या. वर्गात मना असलं तरी तिथं सगळ्यांचे हात सुरू होते. कुणी भांडत होतं, कुणी नकला करत होतं. माझी मुलगी त्यांच्यात बसली होती. वसतिगृहाच्या मुख्य बाईंना ती प्रधानमंत्री म्हणायची, आणि आता बाकीच्याही म्हणायला लागल्या होत्या.

मला बघून ती धावत आली आणि एका मुलीला ओढत माझ्यापुढं आणलं. ही सांगलीकडची, आष्ट्याची, तिची मैत्रीण. मग ती त्या मुलीबद्दल काहीतरी लांबलचक सांगायला लागली. घर, म्हैस, लहान भाऊ, रडणं आणि मधेच कसलंसं भांडण. सगळ्या खुणा नव्या होत्या, माझ्या वहीत त्यातली एकही नव्हती. मला निम्मंसुद्धा कळलं नाही.

मी हात हलवून म्हटलं, कळलं नाही, पुन्हा सांग.

तिनं मला पायरीवर बसवलं, समोर उभी राहिली आणि पहिल्यापासून सावकाश सांगायला लागली.