गुरुवारची गिरणी

कुंडलजवळच्या एका वाडीत जालिंदर हवालदाराची पिठाची गिरणी होती. गडी पलटणीतून पेन्शन घेऊन आला, गिरणी घातली आणि वाडीवरच हुकूम गाजवायला लागला. डबे रांगेत, बडबड बंद, आणि एकदा गिरणीचा पट्टा चढवला की शेवटच्या डब्यापर्यंत उतरायचा नाही. साक्षात देव दळायला आला असता तरी म्हणाला असता, "डबा ठेव आन् गप उभा ऱ्हा."

चौऱ्याहत्तर साली दर गुरुवारी वाडीत सरकारी डॉक्टर यायचं ठरलं. तपासणी फुकट, औषध फुकट. बसायला पक्की जागा पाहिजे म्हणून जालिंदरनं वाडीची कुस्तीची तालीम उघडून दिली. तालमीचा पंचच होता तो! स्वतः झाडलोट केली, टेबल मांडलं आणि महिनाभर मिशीला पीळ देत फिरला.

त्याच दिवसांत धोंडुबाई दळणाला येऊन खोकायची. नवरा नाही, जमीन नाही, लोकांच्या उसात भांगलण-खुरपणी करून पोट भरायची. अंगाचं पार चिपाड झालेलं. एकदा तिच्या पदरावर जालिंदरला रक्ताचा डाग दिसला.

"आगं, तालमीत डॉक्टर फुकट बसतोय," तो खेकसला. "जायाला काय धाड भरलीया तुला?"

"आवं आबा, तालमीत बाईमाणूस कवा गेलंय व्हय? मारुतीम्होरं, तांबड्या मातीत?"

रांगेतल्या साऱ्या बाया खाली बघायला लागल्या. महिनाभरात एकही बाई डॉक्टरकडं गेली नव्हती! अर्धी वाडी बाहेर ठेवून हा बाबा मिशीला पीळ देत होता. जालिंदरनं कपाळावर हात मारला. "च्यामारी, माझ्या ध्यानात कसं आलं न्हाई!"

पुढच्या गुरुवारी डॉक्टरांचं टेबल गिरणीत आलं. बाया तिथं तशाही येतच होत्या. डॉक्टरांनी पहिल्या बाईच्या छातीला नळी लावली आणि वैतागून म्हणाले, "हवालदार, मला तुमची गिरणीच तेवढी ऐकू येतेय!"

जालिंदर जरा घुटमळला आणि मग त्यानं पट्टा उतरवला. रांग शिल्लक असताना गिरणी थांबलेली वाडीनं पहिल्यांदाच बघितली. कुणीतरी फिस्सकन हसलं. आधी तपासणी, मग दळण, असा नवा हुकूम सुटला.

पण धोंडुबाईच आली नाही. जालिंदर चार वेळा बाहेर डोकावून आला. जीव टांगणीला लागला त्याचा.

ती उगवली त्याच्या पुढच्या गुरुवारी, झाकण गच्च लावलेला डबा काखेत घेऊन. रांगेत ठेवायला जालिंदरनं तो उचलला, तर रिकामा! पंधरा दिवस अंथरुणात पडलेली बाई, घरात दाणा कुठला? आणि रिकाम्या हातानं गिरणीत उभं कसं राहायचं, म्हणून लाजेकाजेस्तव आणलेला. त्यानं डबा रांगेत मांडला. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "काय भरलंय गं ह्यात! कंबार मोडली की माझी! जा, बस डॉक्टराम्होरं."

टीबी निघाला. सांगलीला नेऊन छातीचा फोटो काढला, इंजेक्शनं सुरू झाली. त्या गुरुवारी गिरणीतून घरी जाताना तिच्या डब्यात पीठ होतं. कुणाचं, ते तिनं विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. दर गुरुवारी असंच चाललं.

वर्ष-सव्वा वर्षात धोंडुबाई अंगानं भरली, पुन्हा भांगलणीला जायला लागली. सुगीनंतरच्या एका गुरुवारी तिनं डोक्यावरचा डबा गिरणीत उतरवला. "आबा, रांगेत ठेवा."

जालिंदरनं सवयीनं एका हातानं उचलायला बघितलं. डबा जागचा हलेना. मजुरीत मिळालेल्या ज्वारीनं काठोकाठ भरला होता.

"कंबार मोडली का, आबा?" धोंडुबाई हसत म्हणाली.

हवालदारानं टॉवेलानं डोळे पुसले. "पीठ गेलं डोळ्यात," तो सगळ्यांवर खेकसला. पण डॉक्टर तपासत होते, आणि गिरणी तर सकाळपासून बंद होती.