मानाचं भकल

शिकून आलेल्या माणसाचं सगळ्यांना कौतुक असतं, तो शिकलेलं वापरायला लागेपर्यंत. हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही, अंगावर घेतलेलं आहे.

आम्ही शिकलगार. तलवारीला धार द्यायची, पातं घासून लख्ख करायचं, मूठ सैल झाली तर बसवायची, हा घरचा धंदा. कोल्हापूरचे महाराज गादीवर आले तेव्हा माझे वडील, आमचे अब्बा, तिथल्याच एका सरदारांच्या शिलेखान्यात, म्हणजे शस्त्रांच्या कोठीत, कामाला होते. पुढं त्यांची नजर मंद झाली आणि काम माझ्याकडं आलं. लढाया कधीच संपल्या होत्या. त्या तलवारींना आता भिंतीवर टांगून राहण्याखेरीज काम नव्हतं, तरी आम्ही त्या उद्याच बाहेर काढायच्या असल्यासारख्या ठेवायचो.

वर्षातला एक दिवस मात्र अब्बांचा असायचा. खंडेनवमीला सगळी शस्त्रं दिवाणखान्यात चौरंगांवर मांडत. भटजी पात्यांना ओली हळद लावत, कुंकवाची बोटं ओढत, वर झेंडूचे हार घालत. मग नारळ फुटायचा आणि त्याचं पहिलं भकल शिकलगाराला मिळायचं. हा मान आमच्या घराला कधीपासून होता ते अब्बांनाही सांगता येत नसे. काम सुटलं तरी मान सुटला नव्हता. नवमीला ते पांढरा फेटा बांधून जात, खांद्यावरचा रुमाल पसरून भकल घेत आणि घरी येऊन जहागीर मिळाल्यासारखं आईच्या हातात ठेवत. आई त्याचे एवढे एवढे तुकडे करून साऱ्या गल्लीत वाटायची. बाजारात खोबऱ्याला काय तोटा होता? पण त्या दिवशी अब्बा गल्लीतून चालत तेव्हा ते मला उंच वाटायचे.

दसरा झाला की दुसऱ्या दिवशी आमचं खरं काम सुरू होई. ओल्या हळदीखाली राहिलेली पाती तांबूस डाग धरत. विटकरीच्या पुडीनं ते घासून काढायचे आणि तेलाचा हात फिरवायचा. "देवाचं झालं, आता आपलं," असं अब्बा म्हणत आणि कामाला बसत.

थोरले सरदार गेले आणि धाकट्यांच्या हाती कारभार आला. त्यांनी मुंबई पाहिली होती. शिलेखान्याचा अजबखाना करायचं त्यांच्या मनानं घेतलं. काचेची कपाटं आली, पाहुणे साहेबलोक मडमांना घेऊन यायला लागले. मग सरदारांच्या कारभाऱ्यांना वाटलं, कपाटं नवी आणि माणूस जुनाच, हे बरं दिसत नाही. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "मुंबईच्या अजबखान्यात जुन्या वस्तू कशा राखायच्या ते शिकवतात. पावसाळाभर जाऊन शीक. काळ बदलला, आपणही बदललं पाहिजे." मला काय, आभाळ ठेंगणं झालं. अब्बांनी सगळ्या पेठेत सांगितलं.

मुंबईत मी मन लावून शिकलो, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. शिकवणारे एक पारशी गृहस्थ होते, शांत, कधी आवाज न चढवणारे. लोखंडाला ओल किती बाधते, हाताच्या घामानंही कसं गंजतं, हे त्यांनी दाखवलं. एक दिवस ते म्हणाले, गंज घासून काढता तेव्हा नुसता गंज निघत नाही, त्याबरोबर पातंही थोडं निघतं. आमच्याकडच्या सगळ्यांत जुन्या तलवारीवर सोन्याच्या तारेनं बसवलेली अक्षरं होती. अब्बांच्या तरुणपणी ती पूर्ण वाचता यायची. माझ्या वेळेपर्यंत निम्मी पुसली होती. ती कुठं गेली हा प्रश्न आमच्या घरात कधी कुणाला पडलाच नव्हता. दर वर्षी हळद, दर वर्षी विटकर. आम्हीच ती घासून टाकली होती.

परत आल्यावर मी कारभाऱ्यांना सगळं सांगितलं. पूजा थांबवा असं मी म्हटलं नव्हतं, हे लक्षात ठेवा. मुठींना हळद लावू, म्यानांना लावू, एक नवी तलवार पुढं ठेवून तिच्या पात्याला लावू. फक्त जुन्या पात्यांना ओल नको. कारभाऱ्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "अरे, यासाठीच तर तुला धाडलं. भटजींशी मी बोलतो, तू काळजी करू नकोस." मी काळजी केली नाही. तेवढा मी मूर्ख होतो.

नवमीला मी जुनी पाती म्यानात घालूनच चौरंगावर मांडली. भटजी हळदीची वाटी घेऊन आले आणि थबकले. "हे असं का?" त्यांनी विचारलं. त्यांना कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. मी कारभाऱ्यांकडं पाहिलं. सगळेच पाहायला लागले, तसे कारभारी म्हणाले, "त्यालाच विचारा. तो शिकून आलाय."

एवढंच.

मी सांगायला तोंड उघडलं, तर सरदारांचे चुलते गरजले, "मुसलमानानं शिकवायची व्हय आमास्नी पूजा? लई शिकलाय की ह्यो!"

त्या दिवाणखान्यात आमच्या पिढ्या उभ्या राहिल्या होत्या. आम्ही कोण आहोत हे आजवर तिथं कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं. मी लोखंडाविषयी बोलत होतो आणि त्यांना माझी जात ऐकू येत होती. धाकटे सरदार हसल्यासारखं करून म्हणाले, "नेहमीसारखं चालू द्या." आणि माझ्या मागून अब्बा पुढं आले. फेट्यातले, पांढरा रुमाल खांद्यावर. त्यांनी चाचपडत म्यानांतून पाती काढून एकेक मांडली आणि भटजींना हात जोडले. "पोरगं हाय. चुकलं."

माझं काय चुकलं होतं? आजही विचारतो, आणि आजही माझं डोकं फिरतं.

नारळ फुटला. अब्बांनी रुमाल पसरला. भकल चुलत्यांनी घेतलं आणि शेजारी उभ्या असलेल्या भालदाराच्या हातात दिलं. अब्बांना नीट दिसत नव्हतं, त्यामुळं ते तसेच उभे राहिले. शेवटी मीच त्यांच्या हातातला रुमाल घेतला आणि घडी घातली.

पुढच्या वर्षी निरोप आला, नवमीला शिकलगारांनी येण्याची गरज नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी साफसफाईला यावं. कारभारी एकांतात मला म्हणाले, "तुझं बरोबरच होतं रे, पण वेळ-काळ बघायला हवा." माझी नोकरी त्यांनीच राखली म्हणे. ते उपकारही माझ्या डोक्यावर. मी गेलो, डाग घासले, तेल दिलं. सोन्याचं आणखी एक अक्षर फिकट झालं.

अब्बा प्रत्येक नवमीला सकाळी फेटा बांधून ओट्यावर बसायचे. जेवायच्या वेळेला आई हाक मारायची, तेव्हा फेटा उतरवून आत यायचे.

अशात कारभाऱ्यांनी मला पुन्हा बोलावलं. मुंबईत नव्या रीती आल्या होत्या, साहेबलोक चौकशी करत होते. "शिक्षण काय, कधी संपत नाही बाबा," ते म्हणाले. "पुन्हा जाऊन ये." घरी आल्यावर माझा तोल सुटला. मी अब्बांसमोर कारभाऱ्यांचा, सरदारांचा, सगळ्यांचा उद्धार केला. मी जाणार नाही म्हणून सांगून टाकलं.

अब्बांनी सगळं ऐकून घेतलं. मग चाचपडत माझा हात धरला.

"न्हाई म्हणू नगंस. जा की. मुंबई बघ, समुद्राचं वारं खा," ते म्हणाले. "पर शिकू नगंस. ह्या खेपेला तू काय शिकला न्हाईस, तर नवमीला बलवतील मला."