पाच उन्हाळे खाल्लेले टायर

माझ्या सगळ्यात जुन्या मित्राने मला फसवलं. नवे म्हणून त्याने मला चार टायर दिले आणि ते पाच वर्षांपूर्वी बनलेले निघाले. गाडी माझ्या नावावर असली तरी ती माझी मुलगी चालवते, आणि भर पावसात घाटात चालवते, हे त्याला पक्कं माहीत होतं.

हे वाचून नगरच्या बाजारातले काही लोक हसतील. मला भावात कोणी हरवू शकत नाही असं तिथे मानलं जातं, आणि ते मानणं मीच वाढवलं आहे. त्यांना हसू दे. मी आधी त्या मित्राबद्दल सांगतो, म्हणजे मला नेमकं काय लागलं ते कळेल.

आम्ही दोघं विशीत एकाच हेड्याकडे कामाला होतो. हेडी म्हणजे जनावरांचा व्यापारी. घोडेगावच्या बाजारात आमचा मालक बैलांची खरेदी-विक्री करायचा आणि आम्ही त्याची दावी धरायला, चारा टाकायला आणि पुढे त्याचा टेम्पो चालवायला. माझ्याकडे तेव्हा चप्पल सोडून स्वतःचं असं काही नव्हतं. त्याच्याकडे चप्पलही धड नव्हती. एका पायाची रबरी आणि दुसऱ्या पायाची चामड्याची.

मालकाने आम्हाला धंदा शिकवला तो बोलून कमी आणि गुद्दे घालून जास्त. बैल घ्यायचा तर आधी जबडा उघडून दात बघायचे. दोन दाती, चार दाती, सहा दाती, मग जुळलेला. दातांवरून वय कळतं. मग चालवून बघायचं, खूर बघायचे, मानेवरून हात फिरवायचा. हे सगळं झालं की मगच दोघांच्या हातांवर टॉवेल पडायचा. टॉवेलाखाली एकमेकांची बोटं धरून भाव ठरायचा, वर तोंडाने मात्र पाऊसपाण्याच्या गप्पा. हात सुटला की सौदा झाला. नंतर कोणी जनावराकडे पुन्हा बघायचं नाही.

यात मालकाचे दोन नियम होते. वय बघणं हे घेणाऱ्याचं काम. खोड सांगणं हे विकणाऱ्याचं काम. बैल मारका असेल, जुवाखाली बसत असेल, तर टॉवेल टाकण्याआधी तसं सांगून मोकळं व्हायचं. एकदा माझ्या मित्राने मारक्या बैलाची गोष्ट गिऱ्हाइकाला सांगितली नाही. तो बैल नेवाशाच्या वाटेला लागला होता. मालकाने टेम्पो काढला, गिऱ्हाइकाला गाठलं, बैल परत आणला आणि भर बाजारात माझ्या मित्राच्या कानाखाली वाजवली. त्या दिवशी तो जेवला नाही. मीही जेवलो नाही. का, ते आज सांगता येत नाही. पण तेव्हा एकाने मार खाल्ला की दुसऱ्याला भूक लागायची नाही.

त्या टेम्पोचे टायर मी कधी विसरणार नाही. नवा टायर आम्ही फक्त दुकानात टांगलेला पाहिलेला. आमचे सगळे भिंगारमध्ये रिमोल्ड केलेले. म्हणजे झिजलेल्या टायरवर नव्या रबराचा पट्टा चढवलेला. रिमोल्ड करणारा म्हातारा फार कमी बोलायचा. रबरात अंगठ्याचं नख रोवायचा. नख उठलं की म्हणायचा, "जिता है." नाही उठलं तर टायर पायाने बाजूला सारायचा. तोच त्याचा निकाल.

उन्हाळ्यात तो पट्टा सुटायचा. इमामपूरच्या घाटात दुपारच्या वेळी फटफट आवाज सुरू झाला की आम्ही एकमेकांकडे बघायचो. गाडी बाजूला घ्यायची, मागे बैल फुरफुरताहेत, जॅक लावायचा, आणि स्टेपनी काढावी तर तीही गोटा झालेली. एकदा असंच बसलो असताना शेजारून कलिंगडांची गाडी गेली आणि एक कलिंगड खाली पडलं. आम्ही ते जॅकच्या दांड्याने फोडून तोंड बुडवून खाल्लं. माझा मित्र गरम टायरवर थाप मारत म्हणाला, "राजा, नगरपर्यंत चल रे, तुला पेंड घालतो." एवढं हसलो की बैल बिथरले. पुढे मी खूप चांगल्या ठिकाणी, चांगल्या ताटात जेवलो आहे. त्या कलिंगडाची गोष्ट वेगळीच होती.

मग वाटा वेगळ्या झाल्या, पण फार लांब नाही गेल्या. त्याने पंक्चरची टपरी टाकली, तिचं दुकान झालं, आणि आता सावेडीत काचेच्या दाराचं शोरूम आहे. मी चारा आणि पेंडीच्या धंद्यात शिरलो. दोघांनाही कोणी काही दिलं नाही, जे आहे ते आम्ही ओढून आणलं. माझ्या प्रत्येक गाडीचे टायर त्याच्याकडचे. आणि दरवेळी त्याच्या वातानुकूलित केबिनमध्ये, कॉम्प्युटरच्या शेजारी, आमच्या हातांवर टॉवेल पडायचा. दुकानातली पोरं गंमत बघायला काचेला नाक लावायची. मला तो सौदा टायरपेक्षा जास्त आवडायचा, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मुलगी डॉक्टर झाली आणि तिला अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या अंगाला आरोग्य केंद्रात नेमणूक मिळाली. शनिवारी ती घरी येते, सोमवारी सकाळी जाते. गेल्या पावसाळ्यात राजूरच्या पुढे एका उतारावर तिने ब्रेक दाबला आणि गाडी थांबायच्या ऐवजी सरकत गेली. डोंगराच्या बाजूच्या मातीत घुसली म्हणून वाचली. दुसऱ्या बाजूला दरी होती. हे तिने मला सांगितलं नाही. आईला सांगत होती, आणि मी चहा मागायला स्वयंपाकघरात गेलो होतो. चहा तसाच राहिला.

तेव्हा टायर बदलायचे ठरले. तिने मोबाईलवर बसून अभ्यास केला. एकच गाडी, एकच टायरचा संच, आणि काम दोन टोकांचं. मे महिन्यात राहुरीच्या रस्त्यावर डांबर चाकाला चिकटतं आणि जुलैत तिच्याकडे धुक्यात समोरची म्हैस दिसत नाही. शिवाय हायवेवर वेगात नीट पळायला हवी. तिने मला खाचांचे फोटो दाखवले, ओल्या रस्त्यावर कोणता टायर किती अंतरात थांबतो ते सांगितलं.

"बाराही महिने चालणारा आणि वेग सोसणारा, असा टायर हवाय पप्पा. आणि नुसता भाव करून येऊ नका."

"मग काय, टायरची पत्रिका मांडू?"

"मांडाच. जन्मतारीख असते त्यावर. बाजूला शेवटचे चार आकडे बघायचे. पहिले दोन म्हणजे वर्षाचा कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल."

"मी बैलाचे दात बघून म्हातारा झालो. मला शिकवू नकोस."

हे मी म्हणालो होतो. लपवत नाही.

रविवारी मी आणि बायको तिची गाडी घेऊन शोरूमला गेलो. मित्राने उठून मिठी मारली. त्याला मी घाटातलं सगळं सांगितलं, माती आणि दरीसकट. तो म्हणाला, "अरे बापरे. पोरीसाठी आहे ना? मग भारीतला देतो. नवा माल आलाय." इथपर्यंत ठीक होतं. मग त्याने टेबलावरून छापील दरपत्रक माझ्यापुढे सरकवलं.

माझं डोकं तिथेच फिरलं.

"मला कागद दाखवतोस? मला?"

"अरे, कंपनीचे भाव आहेत, मी काय करू?"

"कंपनी मालकाच्या टेम्पोत झोपली होती का माझ्याबरोबर?"

"वहिनी, बघा हो, हा अजून तसाच. रक्तदाबाची गोळी घेतो का नाही?"

"घेतात," बायको म्हणाली, "पण ती गोळीच यांना घाबरते."

तो हसत उठला, खुंटीवरचा टॉवेल काढला आणि माझ्या हातावर टाकला. मग काय! मी बोटं दाबतोय, तो सोडवतोय, तोंडाने ऊस आणि कांद्याच्या गोष्टी चालू. मी त्याला खाली आणत गेलो. शेवटी त्याने मान हलवली, हात सोडला आणि म्हणाला, "जा, लुटलंस मला." मला विशीतल्यासारखं वाटलं. मग त्याने गोदामातून टायर काढायला लावले आणि ते शेजारच्या खोलीत रचले गेले. मी उठून दहा पावलं चाललो नाही. आयुष्यात पहिल्यांदा जबडा उघडून बघण्याआधी टॉवेल टाकला गेला, आणि तो टाकला जात असताना मी खूश होतो.

या जातीच्या टायरची एक ठरावीक बाजू बाहेर ठेवावी लागते, तसं त्यावर लिहिलेलंच असतं. आमच्या टायरवर ते चार आकडे आतल्या बाजूला होते. गाडीवर चढवल्यावर दिसायचा प्रश्नच नव्हता. काळे कुळकुळीत, खाचा खोल, वास नवा. घरी आल्यावर मुलीला मी छाती काढून सांगितलं, "बघून घेतलेत." तेवढं खोटं माझं.

महिन्याभराने अकोल्यात खिळा लागला. पंक्चरवाल्याने चाक काढलं, उलटं केलं आणि तिला विचारलं, "ताई, ह्ये टायर कदी घातले?"

"महिना झाला."

"न्हाई वो. ह्यो पाच वर्साचा हाय. रबर बगा की, नख उठत न्हाई. पान्यात जपा बरं, लई घसरतंय ह्ये."

तिने मला फोन केला. चिडली नव्हती. नुसतं म्हणाली, "पप्पा, तुम्ही आकडे बघितले होते ना?" मी म्हणालो, "नाही." माझ्या घरात मी एका शब्दात बोलणं संपवल्याची घटना सहसा घडत नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी त्याच्या दारात उभा होतो.

"हे काय दिलंस मला?"

"टायर दिले."

"पाच वर्षांचे?"

"वापरले का कोणी? एक किलोमीटर तरी पळालेत का? गोदामात पडून होते. नवेच आहेत."

त्याचं गोदाम मला माहीत आहे. वर पत्रा, चारी बाजूंनी पत्रा. वैशाखात तिथे मांजरसुद्धा थांबत नाही. पाच उन्हाळे ते रबर तिथे भाजत पडलं होतं.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

तो खुर्चीत मागे टेकला आणि हसला. "तू दात का बघितले नाहीस? आपला नियम काय? वय बघणं घेणाऱ्याचं काम. आणि त्या भावात तुला काय कालचा टायर देणार होतो? तूच भाव पाडलास."

मी बाहेर पडलो, रस्ता ओलांडला, रसवंतीपाशी पोचलो आणि तिथे उत्तर सुचलं. तसाच परत फिरलो.

"ऐक," मी म्हणालो. "बैलाचं वय झालं तर तो हळू चालतो. टायरचं वय झालं तर तो थांबत नाही. मग वय हीच त्याची खोड झाली. आणि खोड सांगणं कोणाचं काम?"

त्याचं हसू गेलं. उठून त्याने केबिनचं दार ओढून घेतलं. मग हळूच म्हणाला, "चारही बदलून देतो. आता गिऱ्हाइकं येतील, ओरडू नकोस."

मी बदलून घेतले नाहीत. दुसऱ्या एका दुकानात गेलो, चारही टायर उन्हात आणायला लावले, गुडघ्यावर बसून आकडे वाचले, अंगठ्याचं नख रोवून बघितलं. सांगितला तो भाव देऊन टाकला. दुकानदार इतका बावरला की त्याने मला दोनदा विचारलं, "साहेब, काही चुकलं का?" बायको त्या दिवशी घरी आल्यावर कपाळाला हात लावून बघत होती, ताप आहे का म्हणून.

आता मुलगी सांगते, पावसात ब्रेक दाबला की गाडी ऐकते. उन्हातही टायर कुरकुरत नाहीत. ते काम झालं. त्याने दिलेले ते चार टायर माझ्या पेंडीच्या गोदामात पडले आहेत. मी विकले नाहीत आणि विकणारही नाही.

त्याने बायकोला फोन केला होता. "वहिनी, त्याला सांगा, एवढ्याशा गोष्टीवरून चाळीस वर्षं टाकू नको." बायकोलाही ते पटतं. मला त्याची आठवण येते, रोज येते, आणि म्हणूनच मी विसरणार नाही. परक्याने फसवलं असतं तर मी शिव्या देऊन मोकळा झालो असतो. माझी चूक मी मान्य केली. आकडे मी बघायला हवे होते, आणि मुलीपाशी तसं बोललोही. पण मित्रा, मी पाडलेल्या भावाने तुझी जीभ बांधली होती का? एक वाक्य पुरलं असतं. "या भावात जुने मिळतील, घाटाला नको." मी शिव्या दिल्या असत्या, वर पैसे दिले असते आणि नवे घेऊन गेलो असतो.

तेव्हा आता तू फोन करू नकोस, माणूस पाठवू नकोस, टायर पाठवू नकोस. ती दर शनिवारी संध्याकाळी घरी असते. दार उघडं आहे. ये, आणि तिच्यासमोर बस. मला काही सांगायचं नाही. तिला सांग, की गोदामातून ते टायर बाहेर काढायला लावताना ती कुठल्या रस्त्याने जाते हे तुझ्या लक्षात होतं, की नव्हतं. दोन्हींतलं जे खरं असेल ते सांग. पण तिच्या तोंडाकडे बघून सांग.